वजन म्हणून बसलेले बाबा

धाकटीच्या कॉलेजने त्या वर्षी स्पर्धेत उतरायचं ठरवलं तेव्हा टीमकडे मोटर होती, बॅटरी होती, कॅप्टन होता, फक्त गाडी नव्हती. स्पर्धा अशी, की एक जुनी पेट्रोलची गाडी घ्यायची, तिच्यात विजेची मोटर बसवायची, इंजिन आणि मोटर या दोघांना एका घरात गुण्यागोविंदाने नांदायला शिकवायचं आणि ठरलेल्या रस्त्यावर चालवून दाखवायची. जुनी गाडी आणायची कुठून, त्याबद्दल नियमावली गप्प होती.

कॅप्टनला सगळे पुढारी म्हणत, कारण दोन माणसं एकत्र उभी दिसली की त्याला बोलावंसं वाटे. संगणकाचं सगळं काम मौनीकडे होतं. तिला मौनी का म्हणत ते सांगायला नको, तीही सांगत नसे. खोलाखोलीचं आणि जोडाजोडीचं काम पानाकडे; त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असे आणि तो बसला की खुर्चीला ओरखडा जाई. धाकटी या सगळ्यांत चौथी. ती उरलेलं सगळं करत असे. सल्लागार म्हणून एक सर होते, ते दिवसातून एकदा येऊन "छान" म्हणून जात.

"गाडी मिळत नाही," धाकटी एकदा जेवताना म्हणाली. ती नुसतीच म्हणाली, मागितली नव्हती. पण बाबांची गाडी त्याच दिवशी भर चौकात सिग्नलला बंद पडली होती. मागच्यांनी हॉर्न वाजवले होते आणि शेवटी एका शाळकरी पोराने आणि एका पोलिसाने मिळून ती कडेला ढकलली होती. चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला, ज्याच्याकडे अर्धं गाव डोळे तपासून घेतं, हे असं ढकललं जाणं फार लागलं होतं.

"घेऊन जा," बाबा म्हणाले.

"काय?"

"गाडी. उद्याच्या उद्या. मला तिचं तोंड बघायचं नाही."

ती गाडी धाकटीच्या मोठ्या बहिणीपेक्षा, म्हणजे थोरलीपेक्षा, सहाच महिन्यांनी लहान होती. थोरली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, गाडी राहिली. बाबांनी ती आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. आईने भाजी वाढता वाढता विचारलं, "रागात बोलताय की शुद्धीत?"

"शुद्धीत."

"मग सकाळी परत विचारते."

सकाळी आईने विचारलं. बाबांना झोप लागली नव्हती हे डोळ्यांवरून कुणालाही कळलं असतं. पण शब्द तोंडातून गेला होता. "बोललो म्हणजे बोललो," ते भिंतीकडे बघत म्हणाले. धाकटीला पडत्या फळाची आज्ञा. तिने चहा अर्धा टाकला आणि पानाला बोलावून घेतलं.

बाबा दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आले, ते डिकीत छत्री राहिली म्हणून. त्याच्या पुढच्या दिवशी काच पुसायचं फडकं राहिलं होतं. मग एक जुना नकाशा, मग एक पेन, मग काहीतरी राहिलंय पण काय ते आठवत नाही म्हणून. पुढारीने त्यांना एक स्टूल दिलं. स्टूल मिळाल्यावर बाबांनी कारणं सांगणं बंद केलं. दुपारी दुकान दोन तास बंद असे, ते दोन तास ते स्टुलावर बसून काढू लागले.

इंजिन बाहेर काढलं त्या दिवशी ते उभे राहिले. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये माणसं उभी राहतात तसे.

"परत बसवणार ना?"

"हेच बसवणार काका," पाना म्हणाला. "फक्त त्याला मदतनीस देणार."

"त्याने मदत कधी मागितली नव्हती."

पुढारीने मग हायब्रिड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हळू जाताना मागची चाकं मोटर फिरवणार, वेग वाढला की मोटर बाजूला होणार आणि पुढची चाकं इंजिन फिरवणार, उतारावर उलट बॅटरी भरून घेणार, पृथ्वी, भविष्य, पुढच्या पिढ्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन दगडांवर पाय," ते म्हणाले.

"बरोबर," मौनी म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

ड्रायव्हर कोण, हा प्रश्न चुटकीसरशी सुटला. पुढारी बोलता बोलता दोन्ही हात सोडत असे. पानाकडे लायसन्स नव्हतं. मौनीला चष्मा होता, बाबांच्याच दुकानातला, पण ती तो घरी विसरत असे. राहिली धाकटी. तिने लायसन्स ड्रायव्हिंग स्कूलमधून काढलं होतं. तेव्हा तिने घरच्या गाडीची किल्ली मागितली होती आणि बाबा म्हणाले होते, "आधी हात बसू दे." हात कुठे बसवायचा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पोहता येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, असा तो प्रकार होता.

पहिल्या चाचणीला शेजारच्या सीटवर माणसाइतकं वजन हवं होतं. वाळूच्या पिशव्या आणल्या होत्या, त्यातली एक वाटेत फाटली आणि वाळू वर्कशॉपच्या दारापासून आतपर्यंत सांडली. पानाने इकडे तिकडे पाहिलं.

"काका, तुमचं वजन किती?"

"का?"

असे बाबा गाडीत बसले. सवयीने ते ड्रायव्हरच्या दाराशी गेले. तिथे धाकटी किल्ली घेऊन उभी होती. दोघंही क्षणभर थांबली. मग बाबा वळले आणि पलीकडच्या दाराशी गेले, पुढून नाही, मागून, लांबचा वळसा घालून. आपल्याच गाडीत त्या बाजूला ते आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. पट्टा कुठे आहे ते त्यांना सापडेना, तो धाकटीने काढून दिला.

कॉलेजच्या मैदानाभोवती एक रस्ता होता. गाडी निघाली ती कसलाही आवाज न करता. बाबांनी दोनदा विचारलं, "चालू आहे ना?" मग वेग वाढला, मोटरने अंग काढून घेतलं, इंजिनने गाडी धरली आणि त्या देण्याघेण्यात असा एक झटका बसला की मागे बसलेल्या पुढारीच्या हातातली बाटली त्याच्याच मांडीवर सांडली. पुढचा फेरा, पुढचा झटका. तिसऱ्या फेऱ्याला बाबा म्हणाले, "मला उतरव."

ते फुटपाथवर डोकं खाली घालून बसले. सर नेमके तेव्हाच आले.

"छान," सर म्हणाले. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. "झटका बसतो का?"

"थोडा," पाना म्हणाला.

गाडी चालते याचाच मुलांना इतका आनंद झाला होता की झटक्याकडे कुणी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. पुढारी त्याला गाडीचा स्वभाव म्हणत होता. बाबांनी खाली मान घालूनच सांगितलं, "माझी गाडी होती तेव्हा तिचा असा स्वभाव नव्हता."

स्पर्धेत एक परीक्षक शेजारी बसून फेरी मारणार होता आणि तोही गुण देणार होता. परीक्षकालाही पोट असणार. तेव्हा ठरलं, झटका काढायचा. आणि तो मोजायचा तर बाबांच्या पोटावर मोजायचा, कारण दुसरं कुणाचंच पोट तक्रार करत नव्हतं. शून्य म्हणजे लोणी, दहा म्हणजे उलटी. दर फेरीनंतर मौनी खिडकीशी येई. "काका?" बाबा डोळे मिटून आत डोकावल्यासारखं करत आणि आकडा सांगत. "आठ." मौनी लिहून घेई.

मुलांनी काम मात्र जीव ओतून केलं. मौनीने मोटरला एकदम हात सोडू नकोस असं शिकवलं. इंजिनने चाकं नीट धरेपर्यंत तिने हळूहळू ढिलं व्हायचं. पानाने इंजिनाखालच्या रबरी गाद्या बदलल्या, मग बदललेल्या परत बदलल्या. आठाचे सात झाले. मग एकदम नऊ झाले, आणि कुणी काही बदललंही नव्हतं. मौनी दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "काका, त्या दिवशी काय जेवला होतात?"

त्या संध्याकाळी पुढारीने धाकटीच्या आईला फोन केला आणि प्रयोगात बाकी सगळ्या गोष्टी स्थिर का ठेवाव्या लागतात ते समजावून सांगितलं.

"म्हणजे तुमच्या गाडीसाठी मी रोज एकच भाजी करायची?"

"पंधराच दिवस, काकू."

"सुधारायचंय कुणाला नक्की? गाडीला की नवऱ्याला?"

पण आईने केलं. उकडलेला बटाटा आणि भात, रोज. बाबांनी ते मुकाट्याने खाल्लं. आकडा सातावर आला, सहावर आला आणि तिथे अडून बसला. मुलांनी काय नाही केलं! मोटर आणखी सावकाश सोडून पाहिली, सीटखाली स्पंज घातला, एक खिडकी उघडी ठेवून पाहिली. बाबा उतरत आणि म्हणत, "सहा." पुढारीला तो आकडा झोपेतही ऐकू येऊ लागला.

शेवटी मौनीने बाबांच्या हातात एक बटण दिलं. पोटात हललं की दाबायचं. गाडी कधी काय करते ते संगणक लिहीत होताच, आता बाबांचं पोटही लिहू लागला. दोन्ही तास फेऱ्या झाल्या. बाबा दुकानात गेल्यावर मौनीने सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं.

"झटका नाहीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गेल्या आठवड्यापासून."

"मग काका सहा का देतात?"

मौनीने पडद्यावर बोट ठेवलं. इंजिनने गाडी धरली तेव्हा बाबांनी एकदाही बटण दाबलं नव्हतं. दाबलं होतं ते वळणाच्या आधी. गतिरोधकाच्या आधी. मैदानावरून एक चेंडू रस्त्यावर आला तेव्हा दाबून धरलं होतं. म्हणजे जिथे जिथे धाकटीने काहीतरी करायची वेळ येत होती तिथे तिथे, आणि तिने ते करायच्या आधी.

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. पुढारीलासुद्धा काही बोलावंसं वाटलं नाही.

हे बाबांना नीट, शांतपणे सांगायचं असं धाकटीने घरी जाताना ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणाला बाबांचा पाय समोरच्या पत्र्यावर धाडकन आपटला आणि तिचं ठरलेलं सगळं हवेत विरलं. तिने गाडी कडेला घेतली.

"बाबा, तिथे ब्रेक नाही."

"माहीत आहे."

"मग पाय का मारता?"

"मारतो कुठे? जातो."

"झटका गाडीत नाहीये. आठवडा झाला तो जाऊन. तुम्हाला जे होतंय ते मी चालवते म्हणून होतंय. आम्ही चार जण तुमच्या पोटासाठी गाडी उलटीपालटी करतोय आणि तुम्हाला माझा भरवसा नाही, एवढंच आहे ते!"

शेवटचं वाक्य ठरलेल्यापेक्षा मोठ्या आवाजात निघालं. बाबांनी बटणाची वायर व्यवस्थित गुंडाळली, बटण समोरच्या कप्प्यावर ठेवलं, पट्टा सोडला, उतरले, आणि दार हळूच लावून फाटकाकडे चालत गेले. दार आपटलं असतं तर धाकटीला बरं वाटलं असतं.

तीन-चार दिवस ते आले नाहीत. घरी जेवताना ते "मीठ दे" एवढंच बोलत, तेही आईला. आईने बटाटा बंद केला. वर्कशॉपमध्ये फाटलेली पिशवी शिवून सीटवर ठेवली गेली. गाडी झकास पळत होती, पण वाळूला काहीच होत नव्हतं. ती वळणावर घाबरत नव्हती आणि फेरी संपली की काही सांगत नव्हती. पानाने एकदा चुकून तिला "काका" म्हटलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी धाकटी दुकानात गेली. बाबा एका आजीबाईंचे डोळे तपासत होते. "हे बरं, की हे?" काच बदलायची, परत विचारायचं. आजीबाई सगळ्यालाच बरं म्हणत होत्या. त्या गेल्यावर बाबांनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

"बस."

"माझे डोळे ठीक आहेत."

"बस म्हटलं ना."

ती बसली. बाबांनी ती जड गोल चौकट तिच्या नाकावर ठेवली, दिवा मालवला, आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं उजळली. तिने सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचून दाखवली. त्यांनी एक काच घातली. "हे बरं, की हे?"

"सारखंच."

"आणि हे?"

"सारखंच आहे, बाबा."

त्यांनी चौकट काढली आणि कपड्याने पुसत बसले. दिवा लावायचं राहिलं होतं.

"डोळे उत्तम आहेत तुझे."

"मला माहीत होतं."

"मला नव्हतं." मग चौकटीकडेच बघत, "चांगली चालवतेस तू. मी रोज शेजारी बसून बघतोय. वळणं माझ्यापेक्षा चांगली घेतेस, मी उगाच घाई करतो वळणाला. डोक्याला सगळं पटलंय. पोटाला सांगायचं राहिलंय."

"किती दिवस लागतील?" धाकटीने विचारलं.

"पोट ते. ते कधी कुणाचं ऐकतं?"

"उद्या या. वाळूच्या पिशव्यांना काही कळत नाही."

"आणि मला कळतं असं म्हणायचंय?"

"नाही. पण तुम्ही बोलता तरी."

बाबांनी दिवा लावला. बाहेर एक गिऱ्हाईक काचेतून आत डोकावत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसू लागले. वळण आलं की ओठ घट्ट मिटायचे, पाय मात्र जागचा हलू द्यायचा नाही. धाकटीनेही एक केलं, पुढे काय करणार ते आधी बोलायला लागली. "आता हळू करते." "आता वळते." सहाचे चार झाले, चाराचे तीन. आईने पुन्हा बटाटा लावायची तयारी दाखवली, पण मौनीने मान हलवून नको म्हटलं. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात आकडा दोनवर आला आणि तिथे थांबला.

"दोन राहू देत," बाबा मौनीला म्हणाले. "दोन बापाचे."

मौनीने तसंच लिहिलं.

स्पर्धेच्या सकाळी पुढारीच्या मनात आलं की गाडी चमकली पाहिजे. त्याने पानाला पाइप दिला आणि पानाने ती वरून खालून, आतून बाहेरून अशी धुतली, की सर दोनदा "छान" म्हणाले. धाकटीच्या शेजारी परीक्षक बसल्या. त्या पन्नाशीच्या बाई होत्या, हातात पाटी आणि चेहऱ्यावर काही नाही. बाबा लांब, कठड्यापलीकडच्या बाकांवर होते.

पहिल्या दोन फेऱ्या लोण्यासारख्या झाल्या. इंजिनने गाडी धरली तेव्हा परीक्षक बाईंनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं, काही झालं की नाही ते कळेना म्हणून. तिसऱ्या फेरीत चढ आला. बॅटरी उतरत आली होती, इंजिनने जागं व्हायची वेळ झाली होती, आणि इंजिन जागं झालं नाही. समोर एक तांबडा दिवा लागला. त्याच्या शेजारी दुसरा लागला. गाडी मंदावत मंदावत चढाच्या मध्यावर थांबली.

"हे नेहमी होतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. आज पहिल्यांदाच."

"सगळे असंच म्हणतात."

वायरलेसवर पुढारी एकाच दमात पाच गोष्टी सांगत होता. त्याच्या आवाजाखालून मौनीचा आवाज आला, "बंद कर. थांब. चालू कर." धाकटीने हँडब्रेक ओढला, सगळं बंद केलं आणि थांबली. मागून आलेली एक गाडी वळसा घालून पुढे गेली, मग आणखी एक. तिला कठड्याकडे बघायचं नव्हतं, तिने बघितलं नाही. मग तिने परत चालू केलं. एक दिवा गेला. दुसराही गेला. इंजिन खोकलं आणि लागलं. "आता निघते," ती सवयीने म्हणाली.

"बरं," परीक्षक बाई म्हणाल्या.

सकाळी धुताना गेलेल्या पाण्याने वायरचा एक जोड ओला झाला होता, बाकी काही नव्हतं. हे कळल्यावर पुढारी तासभर बोलला नाही. पानाने सांगितलं की गाडी चढावर थांबली तेव्हा धाकटीच्या आईचा फोन आला होता, आणि काका तिला म्हणाले, "थांबली नाही गं. थांबवलीये तिने." मग ते चहा आणायला म्हणून गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

निकालात त्यांची गाडी सुखकर प्रवासाला पहिली आली, पेट्रोलच्या बचतीत मधोमध, आणि वेळेत खालून दुसरी. सगळं मिळून सहावी. पुढारीने बक्षीस नसतानाही आभाराचं भाषण केलं. सरांनी ते पूर्ण ऐकलं आणि शेवटी वेगळाच शब्द वापरला. "बरं झालं," ते म्हणाले, म्हणजे नेमकं काय बरं झालं यावर मुलांची पुढे बरेच दिवस चर्चा होती.

गाडी कॉलेजातच राहिली. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती हवी होती. त्यांनी विचारायला दोन पोरं दुकानात पाठवली, तर बाबा म्हणाले, "न्या, पण धुऊ नका," आणि एकाच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला होता तो आवळून दिला.

पावणेदोन महिन्यांनी बाबांनी नवी गाडी बघायला घेतली. धाकटी बरोबर गेली. दुकानातल्या विक्रेत्याने रंग दाखवले, सीट पुढेमागे करून दाखवल्या, आणि चक्कर मारून बघा म्हणून किल्ली बाबांच्या पुढे धरली. बाबांचे हात खिशात होते, ते खिशातच राहिले.

"तिला द्या," ते म्हणाले.

ते पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले, बसले, पट्टा लावला. विक्रेता मागे बसला. धाकटीने आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी रस्त्यावर काढली. पहिलं वळण आलं तेव्हा बाबा अर्धे मागे वळून विक्रेत्याला डिकी किती मोठी आहे ते विचारत होते.